एकेक वाल

आमच्या कंपनीच्या बसचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गेल्या महिन्यात त्यावर घरतने टाकलं, वसंत मोकल गेले. लगेच खाली हात जोडलेली चित्रं सुरू झाली. भावपूर्ण श्रद्धांजली, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व, देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो. मनमिळाऊ वाचून मी फोन उलटा ठेवला आणि कुकर लावायला गेले. मी काही लिहिलं नाही. लिहायचं होतं ते तिथे लिहिण्यासारखं नव्हतं.

गेलेल्या माणसाला अहोजाहो करावं, त्याच्याबद्दल बरं बोलावं, असं आपल्यात म्हणतात. मला ते जमणार नाही. तोंडावर मी त्याला मोकलदादा म्हणत असे, मनात कधीच म्हटलं नाही.

मोकल आमच्या रोह्याच्या कंपनीत वजनकाट्यावर होता. मी तिथल्याच लॅबमध्ये. आलेल्या टँकरचा नमुना मी तपासायची, वजन तो करायचा. आम्ही बरेच जण पेणचे. सकाळी एसटी स्टँडच्या बाहेर कंपनीची बस उभी राहायची, वडखळ, नागोठणं करत तासाभरात रोह्याला पोचवायची. मी मागून तिसऱ्या रांगेत खिडकीशी. शेवटच्या बाकावर आणि त्याच्या पुढच्या दोन सीटवर डिस्पॅचची पाच माणसं बसत आणि मध्ये कोणाचा तरी ॲप्रन ताणून त्यावर तीन पत्ती चाले.

पैसे लावायला बंदी होती. एकदा मॅनेजरच्या कानावर गेलं होतं आणि बस बंद करायची धमकी आली होती. तेव्हापासून वाल लावायचे. वाल माझे. माझं माहेर गागोद्याच्या पलीकडे. भात निघालं की आमच्या रानात वाल पेरतात, आणि दर वर्षी आई मला डबाभर देते. त्यातलेच थोडे मी एका प्लास्टिकच्या बरणीत बसमध्ये ठेवले. मी खेळत नव्हते म्हणून बरणी माझ्याकडे, आणि कोणाकडे किती उरले हे वहीत लिहायचं कामही माझ्याकडे. हौस होती मला, खोटं कशाला सांगू?

इतर वेळी हा नुसता वेळ घालवायचा खेळ होता. श्रावण लागला की मात्र खेळाचं तोंड बदलायचं. गणेश चतुर्थीला कंपनी पूर्ण बंद नसते. रस्त्यात असलेले टँकर येतात, त्यांना उतरवून घ्यायला डिस्पॅचचा एक माणूस सात ते तीन हजर लागतोच. पाचातला कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा, असं ऑफिसने सांगून टाकलं होतं. कोकणातल्या पाच माणसांनी चतुर्थीला घरी कोण जाणार नाही हे आपसांत ठरवायचं! भांडणं झाली, दोन वर्षं अबोला झाला. मग कोणीतरी तोड काढली. श्रावणाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला तीस वाल. चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी बस गेटात शिरेल तेव्हा ज्याच्याकडे सगळ्यांत कमी वाल, तो ड्युटीवर.

ती तोड मोकलनेच काढली होती, हे मला फार उशिरा कळलं.

दिसायला तो अगदी साधा. बारीक, कानावर केस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. चहा बशीत ओतून प्यायचा, तोही सगळ्यांचा पिऊन झाल्यावर. पत्ते त्याला काही विशेष चांगले येत नसत. मी वर्षानुवर्षं पुढच्या रांगेतून मान वळवून बघितलंय, त्याला पडायची ती पानं इतरांसारखीच. त्याची सगळी करामत एकाच गोष्टीत होती. कोणासमोर किती वाल टाकायचे.

एकदा नमुन्याच्या बाटल्या घेऊन मी काट्यावर गेले असताना त्याने मला ते स्वतःहून सांगितलं होतं. एक टँकर काट्यावर चढत होता. "भरल्या गाडीकडं काय बघतंस गो," तो म्हणाला, "भरलेल्या गाडीचं वजन कोन बी करील. आधी रिकामी गाडी तोलायची. रिकामी किती हाय ते ठाव असलं, की आत काय भरलाय ते आपसूक कळतं. मानसाचं पन तसाच. हातात पत्ते नसताना बघायचं त्याला."

आणि तो बघायचा. चहाच्या टपरीवर, पगाराच्या दिवशी, पंक्चर झालेली बस ढकलताना.

डिस्पॅचच्या स्टोअरमधला घरत भित्रा. त्याच्यासमोर मोकलकडे चांगली पानं असली तर तो एकच वाल टाकायचा. एका वालाला कोण घाबरतं? घरत मागोमाग एक टाकायचा, मग अजून एक. आणि पानं फुसकी असली तर मोकल एकदम दहा वाल पुढे सारायचा, की घरत पत्ते पालथे टाकून खिडकीबाहेर बघायला मोकळा. लोडिंगचा जाधव चिकट. समोरच्याची पानं बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याच्याशी मोकल थाप मारायच्या भानगडीत कधी पडला नाही. पानं आली की सरळ मोठी चाल लावायचा, जाधव कुरकुरत तेवढे वाल भरायचाच. साळवी सुपरवायझर होता, आणि ते तो बसमध्येही विसरत नसे. त्याच्यासमोर मोकल पाच-सहा चाली गप्प राहायचा आणि मग दोन बोटांत एक वाल धरून असा हळूच ठेवायचा, की जणू साळवीची लायकीच तेवढी. साळवीचे कान लाल व्हायचे. "मोकल, एवढाच दम?" म्हणत तो मूठभर वाल आपटायचा. मोकल ते ओढून घेताना त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही.

हसायचे सगळे. मीही हसले आहे.

मोकलला कोणी हरवलेलं मी एकदाच बघितलं, आणि ते पत्त्यांत नव्हे. पेणच्या मासळी बाजारात एक म्हातारी कोळीण बसायची. एका रविवारी मी कोलंबी घेत होते आणि बाजूला मोकल तिच्याकडे बोंबलांचा भाव करत होता. त्याने आधी निम्मा भाव सांगितला. ती बोंबील रचत राहिली. मग तो दोन पावलं निघून गेल्यासारखा गेला. तिने हाक मारली नाही. परत येऊन त्याने तिच्या मुलाची चौकशी केली, मग बोंबील शिळे आहेत म्हणाला, मग सगळी टोपलीच घेतो म्हणाला. तिने पाटीवर पाणी मारलं, थोडं त्याच्या इस्त्रीच्या पँटवर. "दादूस," ती म्हणाली, "तुला नाय घ्यायचा तर वांगी घे. माझं बोंबील जातंन."

सोमवारी मी बसमध्ये त्यावरून त्याला चिडवलं. तो हसला नाही. "तिला माझ्याकडून काय पन नको व्हतं," तो म्हणाला. "असा मानूस समोर आला तर लहान चाल नाय चालत, मोठी पन नाय चालत. उठायचं. गुमान उठायचं तिथून."

हे वाक्य मी का लक्षात ठेवलं, कोणास ठाऊक.

मोकलच्या घरी गणपती नव्हता. खाडीकडच्या गावात भावाचं घर होतं, तिथे बसायचा. पण भावाशी वाटणीवरून फाटलं होतं आणि बायकोही कधीतरी माहेरी गेली ती आली नव्हती. पेणला एका खोलीत एकटा राहायचा. आता बाकीचे चौघे बायकापोरांचे, घरात मखर, आरत्या, पाहुणे. कोणालाही वाटेल की हा म्हणेल, जा रे बाबांनो, मी बघतो काटा. साळवीने एकदा तोंडावर विचारलंही. "का? मला सुट्टी नको?" मोकल म्हणाला. दहा-बारा वर्षांत त्याने चतुर्थीची ड्युटी एकदाही केली नाही. त्या सुट्टीचं तो काय करतो, हे मला माहीत नव्हतं, आणि ड्युटी करून आलेला कोणी त्याबद्दल बोलत नसे.

माझा धाकटा भाऊ प्रकाश डिस्पॅचला लागला आणि बसमधल्या पाचांतला एक झाला. प्रकाश मोकलला पुरून उरला. त्याचं काही मोठेपण नव्हतं, तो फक्त वेळेवर पत्ते टाकायचा. हरला तरी तोंड पडत नसे, जिंकला तरी फुशारकी नाही. मोकलने एक वाल टाकून बघितला, दहा टाकून बघितले. प्रकाश पानं बघायचा, परवडलं तर भरायचा, नाहीतर पालथी टाकून शेंगदाणे खायचा. दोन श्रावण असे गेले. तिसऱ्या श्रावणात मोकल माझ्याशी गोड बोलायला लागला.

बरणी परत करायला म्हणून तो माझ्या सीटशी आला. इकडचं तिकडचं झालं. "तुमचे घरी गणपती कुठं असतो गो? चुलत्याकडं?"

आमचा गणपती चार घरांत आळीपाळीने फिरतो. चार वर्षांनी एकदा आमच्या घरी येतो. ते वर्ष आमचं होतं. आणि मी, काय अक्कल गहाण टाकली होती देव जाणे, त्याला सगळं सांगितलं. बाबांना फाल्गुनात अर्धांगवायू झालाय, उजवा हात उचलत नाही. या वर्षी पूजेला प्रकाशच बसणार. बाबा रोज विचारतात, पाट काढला का, रंग दिला का. पुढची पाळी चार वर्षांनी, तोवर बाबा असतील-नसतील. माझे डोळे भरून आले होते. मोकल मान हलवत ऐकत होता. "व्हय गो, व्हय," म्हणाला, "बापाचा जीव." मला वाटलं, माणूस बरा आहे.

भरलेली गाडी मी स्वतः नेऊन त्याच्या काट्यावर उभी केली होती.

त्या श्रावणात प्रकाश बदलला. मला वहीत दिसत होतं. जिथे पत्ते टाकायचे तिथे धरून ठेवायचा, जिथे धरायचे तिथे घाबरून टाकायचा. शेंगदाणे बंद झाले. प्रत्येक वालाकडे तो बाबांकडे बघावं तसा बघायला लागला. त्याला त्या सुट्टीची गरज होती आणि समोरच्याला ते माहीत होतं. एवढंच झालं होतं.

शेवटचा शनिवार. नागोठणं गेलं तेव्हा मी वही वाचून दाखवली. मोकलकडे ढीग. साळवी, जाधव काठावर सुरक्षित. प्रकाशकडे बारा आणि घरतकडे नऊ. जेमतेम एक डाव होण्याइतका रस्ता उरला होता. प्रकाशने पुढे काहीही केलं नसतं, तरी घरतच ड्युटीवर जात होता. मोकलला तर कशाचीच पर्वा नव्हती. त्याने तो डाव मागायचं कारणच नव्हतं. "एक व्हऊन जाऊ दे," तो म्हणाला आणि पत्ते पिसले.

सुरुवातीला सगळ्यांनी एकेक वाल टाकला. प्रकाशचे अकरा राहिले, घरतचे आठ. घरतने पानं बघून लगेच टाकली, साळवीनेही टाकली. मोकल, जाधव आणि प्रकाश उरले. प्रकाशने पानं छातीशी धरली होती, पण मला खिडकीच्या काचेत दिसली. राणीची जोडी.

मोकलने एक वाल टाकला.

मी बघतच राहिले. जाधवसमोर तो नेहमी मोठी चाल लावायचा. आज एक. एका वालाला जाधव कशाला उठतोय? त्यानेही एक टाकला. आणि तिघं खेळात असेपर्यंत कोणालाच पानं उघडायला सांगता येत नाहीत, हा नियम. प्रकाशला बघायचं तर भरत राहायला हवं होतं. राणीची जोडी टाकवत नव्हती. त्याने एक वाल टाकला. दहा. अजूनही घरतच्या पुढे.

मोकलने पुन्हा एक. जाधवने एक. प्रकाशने एक. नऊ. अजूनही पुढे.

"प्रकाश, पत्ते टाक," मी म्हटलं. मला बोलायचा हक्क नव्हता, मी बरणीवाली. साळवी म्हणाला, "ताई, मधे नाय बोलायचं."  मोकलने अजून एक वाल ठेवला, अगदी अलगद. ही घरतसाठीची चाल होती, भित्र्यासाठीची. प्रकाशने ती शंभरदा बघितली होती, घरी येऊन तिची नक्कल करून मला हसवलं होतं. जाधवने एक ठेवला, प्रकाशनेही एक. आठ. घरतच्या बरोबरीला.

मग मोकलने चौथा टाकला तेव्हा जाधवने शेवटी कंटाळून पत्ते टाकले. आता दोघंच राहिले. पानं उघडायला लावायची किंमत एक वाल. बस कंपनीच्या रस्त्याला लागली होती. प्रकाशने पानं पुन्हा एकदा बघितली. त्याने वाल टाकला. मोकलने पानं उलटी केली.

राजाची जोडी.

घरतचे आठ, प्रकाशचे सात. बरणी माझ्या मांडीवर होती, तिच्यात पसाभर वाल होते. दोन वाल मी मुठीतून प्रकाशच्या वालांत सोडले असते तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. मोकल माझ्याकडे बघत होता. ही नाही सोडणार, हे त्याने तोलून ठेवलं होतं. मी वहीत सात लिहिले.

दुपारी मी काट्यावर गेले. "मोकलदादा, तुमच्या घरी गणपती नाही. चतुर्थीला तुम्ही या. बाबांसाठी."

"गणपती नाय," तो म्हणाला, "म्हनून सुट्टी नको काय मला?"

"तुम्ही काय करता त्या सुट्टीचं?"

त्याने पावतीवर शिक्का मारला. मग म्हणाला, "तू कशाला मागतंस? त्याला सांग. त्यानं येऊन एकदा बोलावं, दादा हरलो, तेवढी ड्युटी करा. करीन मी."

संध्याकाळी मी प्रकाशला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "हरलोय ते त्याला दिसलंय ना? परत सांगायला नाय जानार." मी त्याच्यावर ओरडले, रडले. तो गेला नाही. आज मला वाटतं, बरं झालं गेला नाही. मोकलने तेव्हाही हो म्हटलं नसतं. समोरचा किती वाकतो, तेवढंच त्याला बघायचं होतं.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी प्रकाशने पेणहून गणपती आणला, पाटावर ठेवला, रुमालाने झाकला आणि पहाटे ड्युटीला निघून गेला. पूजेला चुलत भाऊ बसला. बाबांना खुर्चीत बसवलं होतं. त्यांचं तोंड मूर्तीकडे नव्हतं, दाराकडे होतं. आरती संपल्यावर त्यांनी वाकड्या तोंडाने मला विचारलं, "पर्काश?" मी म्हटलं, येतोय. डाव्या हातातलं फूल त्यांनी मूठ मिटून तसंच धरून ठेवलं, प्रकाश येऊन वाहील म्हणून.

मग माझ्याने राहवेना. मोदकांचा डबा घेतला आणि नवऱ्याला म्हटलं, गाडी काढा. रस्ता सगळा मोकळा होता. रोह्याला कंपनीच्या गेटाशी पोचलो तेव्हा काट्याच्या शेडमध्ये, केबिनच्या बाहेरच्या बाकावर, मोकल बसला होता.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. बाकावर पत्ते मांडून एकटाच खेळत होता. आत केबिनमध्ये प्रकाश काटा बघत होता. मी खिडकीशी गेले. प्रकाश हळू आवाजात म्हणाला, "सकाळपासून हाय इथं. मी म्हटलं, दादा, बसलायंस तर तूच बघ, मी जातो घरी. तर म्हनला, आज माझी सुट्टी हाय. वॉचमन सांगतो, दर वर्षाला येतो. दिवसभर बसतो नि तीनला जातो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला ती सुट्टी नको होती. कधीच नको होती. त्याला जायला जागा नव्हती, म्हणून दर वर्षी तो कोणाचं तरी घर हिरावून घ्यायचा आणि त्या माणसाला इथे बसलेला बघायला यायचा. मला वाटलं होतं, त्याला असा एकटा बघून मला कीव येईल. आली नाही. आजही येत नाही.

"मोदक आनलेस काय गो?" तो बाकावरून म्हणाला. अगदी घरच्यासारखा.

मी डबा उघडला. आत एकवीस होते. मी एकच उचलला आणि त्याच्या पत्त्यांच्या शेजारी ठेवला. दोन बोटांत धरून, अलगद.

त्याने मोदकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. जो माणूस कोणाच्याही तोंडाकडे बघून त्याच्या पोटातलं सांगायचा, तो माझ्या तोंडावर काहीतरी शोधत होता. मला त्याच्याकडून आता काही नको होतं. ड्युटी नको, माफी नको, चांगला शब्दही नको.

"दादा," मी म्हटलं, "भरताय की टाकताय?"

 मी आत गेले. प्रकाशने मोदक खाल्ले, बाबांचं विचारलं, मी फुलाचं सांगितलं तेव्हा एका टँकरची पावती करायच्या निमित्ताने पाठ फिरवली. अर्ध्या तासाने मी बाहेर आले, तर बाक रिकामा होता. पत्ते गोळा करून नेले होते. मोदक होता तिथेच होता. मागून आलेल्या प्रकाशने तो उचलला, फुंकला आणि खाऊन टाकला. "तुझ्या हातचा हाय," म्हणाला, "मुंग्यांना कशाला?"

चतुर्थीनंतर मोकल कामावर आलाच नाही, परस्पर राजीनामा पाठवला. बसमध्ये वाल बंद झाले, आता चतुर्थीला चिठ्ठ्या टाकतात. मला तो पुन्हा दिसला नाही.

शेवटचा दिसला तो त्याच दुपारी. आम्ही परत निघालो तेव्हा तो रोहा स्टेशनच्या बाजूला रस्त्याच्या कडेने चालला होता. दोन्ही बाजूंच्या घरांतून आरत्या ऐकू येत होत्या. एका अंगणातून कोणीतरी त्याला प्रसादाला हाक मारली, त्याने हाताने नको म्हटलं आणि चालत राहिला. नवऱ्याने विचारलं, "सोडायचं का त्यांना पेणला?" मी नाही म्हटलं. गाडी त्याच्या जवळून पुढे गेली. मी घड्याळ बघितलं. दीड वाजला होता, तीन वाजायचे होते, आणि त्याने जिंकलेली सुट्टी अजून बाकी होती.